लोणारचं गुलाबी पाणी आणि त्यातले जुने रहिवासी

प्रश्न असा आहे: जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि ते 'हॅलोआर्किया' नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे झालं असं वाचलं. मग हे जीव एकाएकी आले कुठून? उल्केच्या खड्ड्यातल्या त्या खाऱ्या पाण्यातच ते उत्क्रांत झाले का? आणि जिथे मासासुद्धा टिकत नाही म्हणतात, तिथे एवढं हिरवंगार पाणी पोसतं कोण? विचारणारी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि तिला याच विषयावर प्रकल्प करायचा आहे.

आधी थोडक्यात सांगते. ते जीव कुठून आले नाहीत, ते तिथे होतेच. आणि ते लोणारमध्ये घडले, असंही म्हणता येत नाही. सरोवर वयाने लहान आहे. त्यात राहणाऱ्यांनी तगून राहण्याच्या ज्या युक्त्या बाळगल्यात, त्या सरोवराच्या कितीतरी आधीच्या आहेत. आता सविस्तर.

बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकामध्ये उल्का आदळून झालेलं. वयाबद्दल दोन आकडे ऐकायला मिळतील: जुन्या मोजणीनुसार सुमारे ५२ हजार वर्षं, आणि नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीनुसार सुमारे ५ लाख ७० हजार. मला दुसरा आकडा जास्त पटतो, पण आपल्या प्रश्नापुरतं बोलायचं तर फरक पडत नाही. सूक्ष्मजीवांच्या मोठ्या शाखांच्या हिशेबात दोन्ही आकडे कालपरवाचेच.

इथे एक गैरसमज आधी काढून टाकते, कारण दर दुसऱ्या बातमीत तो असतो. पाणी खारं झालं ते उल्केमुळे नाही. उल्केने फक्त भांडं दिलं. त्यात धारेचं (काठावरच्या गोड्या झऱ्याचं) आणि पावसाळी ओहोळांचं पाणी येतं, बाहेर जायला मात्र वाट नाही, जातं ते वाफ होऊनच. बेसॉल्ट झिजताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. पाणी आटत गेलं की कॅल्शियम आधी चुनखडी होऊन तळाला बसतं. ते संपलं की मागे उरतं सोडियम आणि कार्बोनेट, म्हणजे साधा धुण्याचा सोडा. म्हणून पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास. सात सामूच्या शुद्ध पाण्याशी तुलना केली तर इथे हायड्रोजनचे आयन हजारपटीने कमी. केनियातलं मगाडी किंवा कॅलिफोर्नियातलं मोनो सरोवर उल्केशी काही नातं नसताना याच हिशेबाने सोड्याचं झालं. पूर्वी लोणारचा खार काढून विकला जात असे आणि त्याच्या प्रतींना डल्ला, पापडी, भुसकी अशी नावं होती. काठावर सुकून येणारी ही पापडी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता 'टोकाचं पर्यावरण' या शब्दाबद्दल. वर्गात तो शिकवावाच लागतो, पण मला तो मनापासून आवडत नाही. टोकाचं कोणासाठी? एरवीच्या दिवसांत लोणारचं पाणी हिरवं असतं ते आर्थ्रोस्पायरा या नीलहरित जीवाणूमुळे. बाजारात स्पिरुलिना म्हणून ज्याच्या गोळ्या मिळतात तोच. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्क्रूसारखा पिळलेला दिसतो आणि एकदा पाहिला की विसरत नाही. त्याच्या नजरेने पाहा: कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात हवा तेवढा, ऊन भरपूर, फॉस्फेट पुरेसं, खाणारे थोडे. पूर्व आफ्रिकेतली सोड्याची सरोवरं जगातल्या सर्वाधिक उत्पादक नैसर्गिक पाण्यांत गणली जातात. तिथले लाखो लहान रोहित पक्षी याच आर्थ्रोस्पायरावर जगतात. त्यामुळे 'कसेबसे तग धरून असलेले बिचारे जीव' हे चित्र डोक्यातून काढा. दार अरुंद आहे एवढंच. आत शिरता आलं त्याच्यासाठी ताट वाढलेलं आहे.

दार अरुंद का, ते पेशीच्या पातळीवर समजून घ्या, कारण व्हायव्हात हेच विचारतात. बहुतेक जीवाणू प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, पेशीबाहेर ढकलतात आणि ते परत आत येताना त्या जोरावर एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवतात, धरणाचं पाणी टर्बाइनवरून सोडावं तसं. सामू १० च्या पाण्यात बाहेर प्रोटॉनचाच दुष्काळ. पेशीच्या आत सामू आठच्या आसपास राखावा लागतो, म्हणजे प्रोटॉन आत जास्त आणि बाहेर कमी. धरण उलटंच झालं म्हणायचं. यातून वाट काढायला या पेशींनी सोडियमला हाताशी धरलं आहे. पेशीच्या पटलावरची अदलाबदल करणारी प्रथिनं प्रोटॉन आत ओढतात आणि सोडियम बाहेर फेकतात. मग तो सोडियम परत आत येताना अन्नाचे रेणू सोबत घेऊन येतो, आणि कित्येकांत शेपटीची मोटरही त्याच्यावरच फिरते. पटलावरचा विद्युतदाबही एरवीपेक्षा जास्त ठेवलेला असतो. गंमत अशी की हवेशी जगणाऱ्या अनेक अल्कलीप्रेमी बॅसिलस जीवाणूंमध्ये एटीपी बनवणारं यंत्र अजूनही प्रोटॉनवरच चालतं, सोडियमवर नाही. त्यांच्या यंत्राच्या फिरत्या कड्यात त्यासाठी खास बदल झालेले आहेत. उत्क्रांतीला सगळं घर पाडून नव्याने बांधता येत नाही, ती आहे त्याच घरात दुरुस्त्या करते. त्याचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गात सापडलेलं नाही.

दुसरा प्रश्न मिठाचा. त्याची उत्तरं दोन. बहुतेक जीवाणू मीठ बाहेर ठेवतात आणि आतला दाब सांभाळायला एक्टोइन, ग्लायसीन बीटाइन असे निरुपद्रवी पदार्थ साठवतात. हे महाग पडतं, कारण ते बनवायला ऊर्जा लागते. हॅलोआर्कियांनी (आर्किया या जीवाणूंहून वेगळ्या गटातल्या मीठप्रेमींनी) उलटा मार्ग धरला: मिठाला घरातच घेतलं. पोटॅशियम क्लोराइड पेशीत इतकं भरायचं की आतबाहेर सारखंच. मग आतली सगळी प्रथिनंही तशीच हवीत. त्यांच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी अमिनो आम्लांची दाटी असते आणि तिच्या बळावर ती एवढ्या मिठातही पाणी धरून ठेवतात. याची किंमत अशी की मीठ काढून घेतलं की प्रथिनं उलगडतात आणि पेशी फुटते. ते जीव मीठ नुसतं सहन करत नाहीत, त्यांना मिठाशिवाय उभंच राहता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. संशोधनाच्या पहिल्या वर्षी, रात्री दहाच्या सुमारास, आठवडाभर वाढवलेल्या लालभडक कल्चरचा गोळा सेंट्रिफ्यूजमधून काढला आणि सवयीने ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला. ट्यूब हलवली तर गोळा नाहीच, गुलाबी बडिशेपेच्या सरबतासारखा चिकट, तार सुटणारा द्रव. तार होती ती त्यांच्या डीएनएची. आठवड्याचं काम दहा सेकंदांत गेलं. पण आजही गुलाबी पाणी कोणी आणलं की मी प्रथम हेच करते: थोडा गाळ घेऊन त्यावर ऊर्ध्वपातित पाणी सोडते आणि काचपट्टीखाली पाहते. पेशी डोळ्यांदेखत फुटल्या तर संशय हॅलोआर्कियांवर. ड्युनालिएला हे शेवाळही खाऱ्या पाण्याला लाली आणतं, पण त्याच्या पेशी मोठ्या, शेपट्या असलेल्या, आणि हरितद्रव्यामुळे ओळखू येतात.

तर २०२० चं गुलाबी पाणी. उन्हाळ्याचा शेवट, पाणी खाली गेलेलं, वाफ होऊन क्षार वाढलेले, टाळेबंदीमुळे माणसाची ये-जा थांबलेली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले. रंग हॅलोआर्कियांचा निघाला. तिथल्या शास्त्रज्ञांना एक साधी गोष्टही दिसली. नमुना स्थिर ठेवला की जीव तळाला बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. म्हणजे पाण्यात काही विरघळलं नव्हतं, रंग पेशींच्या अंगातला होता. हा रंग मुख्यतः बॅक्टेरिओरुबेरिन या कॅरोटिनॉइडचा, म्हणजे लाल रंगद्रव्याचा. ते पेशीला उन्हाच्या आणि ऑक्सिजनच्या माऱ्यापासून वाचवतं.

आणि हे जीव त्याआधी होते कुठे? इथे पापडी आली. हॅलोआर्किया मिठाच्या स्फटिकांत अडकलेल्या खाऱ्या थेंबांत दीर्घकाळ जिवंत राहतात, हे जगभरच्या मिठागरांतून पक्कं माहीत आहे. सरोवराचं मधलं पाणी त्यांच्या मानाने अळणी असलं तरी उन्हाने तडकलेल्या काठावर, खाऱ्या चिखलाच्या सालपटांत, त्यांच्यापुरतं मीठ दरवर्षी तयार होतं. माझ्या मते त्यांचं बियाणं तिथे पडून असतं. पाऊस आला की धुपून जातं, उन्हाळा आला की पुन्हा जमतं. डीएनए वाचून केलेल्या कोणत्याही समाजाच्या यादीत अशा हजारात एक, लाखात एक असणाऱ्या जातींची लांबलचक शेपटी दिसते. आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो, कारण आलेखात ती मावत नाही. लोणारने २०२० मध्ये त्या शेपटीलाच पुढे आणून दाखवलं.

आता पोसतं कोण, याचं उत्तर. वर आर्थ्रोस्पायरा उन्हावर साखर बनवतो, तो मरून तळाला जातो आणि तिथून पुढची सगळी साखळी चालते. काठावरचा चिखल पायाने ढवळला की सडक्या अंड्यांचा वास येतो. ते सल्फेटवर श्वास घेणारे जीवाणू. त्यांनी सोडलेलं सल्फाइड वापरून जगणारेही शेजारीच असतात. नायट्रोजनचं गणित मात्र या सामूला बिघडतं: ९.२५ ला निम्मं अमोनियम वायुरूप अमोनिया झालेलं असतं, १०.२५ ला अकरा भागांतले दहा. अमोनिया पेशीत सहज घुसतो आणि विषारी ठरतो, शिवाय हवेत उडूनही जातो. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्यांना आधीच ऊर्जा तुटपुंजी मिळते, त्यात मिठाशी लढण्याचा खर्च. क्षार वाढत गेले की सर्वांत आधी बाद होणाऱ्या धंद्यांत त्यांचा नंबर लागतो. 'कोण जगेल' हे बऱ्याचदा सहनशक्तीवर ठरत नाही, जमाखर्चावर ठरतं.

मला सर्वांत आवडणारी कडी मिथेनची आहे. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर मिथेन बनवणाऱ्यांना इथे सल्फेटवाले हायड्रोजन मिळूच देत नाहीत. म्हणून इथले मिथेनकर्ते आर्किया मिथाइल अमाइन, मिथेनॉल अशा पदार्थांवर जगतात, ज्यांना सल्फेटवाले सहसा तोंड लावत नाहीत. ही मिथाइल अमाइन येतात कुठून? वर सांगितलेलं ग्लायसीन बीटाइन आठवा. मिठापासून वाचायला एका पेशीने जे साठवलं, तेच ती मेल्यावर कुजून ट्रायमिथाइल अमाइन होतं. त्यातून मिथेन, आणि तो मिथेन वर येताना चिखलाच्या वरच्या थरात त्याला खाणारे मिथायलोमायक्रोबियमसारखे जीवाणू बसलेलेच असतात. २०१० मध्ये वॉरिक विद्यापीठाच्या गटाने लोणारच्या चिखलाला जड कार्बनचा मिथेन खाऊ घालून, तो कोणाच्या डीएनएत उतरतो हे पाहून या जीवांना रंगेहाथ पकडलं. नुसत्या यादीत नाव असणं आणि काम करताना सापडणं यांतला फरक तुम्हाला प्रबंधात दाखवायचा असेल, तर हा प्रयोग आधी वाचा.

उत्क्रांतीकडे येऊ. जुना डच विचार, बास बेकिंगने १९३४ मध्ये मांडलेला: सगळे जीव सगळीकडे पोचतात, निवड करतं ते पर्यावरण. सोड्याच्या सरोवरांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी टिकतो. कॅनडातल्या कॅरिबू पठारावरच्या आणि सायबेरियाच्या कुलुंडा माळावरच्या सोड्याच्या तळ्यांत हजारो किलोमीटरचं अंतर असूनही सूक्ष्मजीवांचा एक मोठा गाभा समान निघाला, हे २०१९ मध्ये दिसून आलं. वाहन म्हणून धूळ, वारा, पक्ष्यांचे पाय, काहीही चालतं. लोणारमधून नव्या जातीही नोंदवल्या गेल्या आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये नोंदवलेल्या एका जीवाणूचं नाव सेसेम्बिया लोनारेन्सिस. 'सेसेम्बिया' म्हणजे सीसीएमबीच, लॅटिनचा सदरा घातलेली. पण नाव लोणारचं मिळालं म्हणजे गाव लोणारच, असं नाही. पहिल्यांदा जिथे सापडला तिथलं नाव, इतकंच.

याच्या विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००३ मध्ये सल्फोलोबस या उकळत्या आम्लात राहणाऱ्या आर्कियावर काम झालं. रशियातलं कामचटका, आइसलँड आणि अमेरिका इथल्या गरम झऱ्यांतले त्याचे वंश तपासले तर जितकं अंतर जास्त तितका फरक जास्त. म्हणजे तिथे बेटांवरच्या पक्ष्यांसारखी स्थानिक उत्क्रांती चालू आहे. गरम झऱ्यातला जीव थंड हवेतून प्रवास करताना बहुधा मरतो, मिठाच्या कणात बसलेला तगतो. 'टोकाची पर्यावरणं' असं एकच गाठोडं बांधलं की हा फरक हातातून निसटतो.

लोणारमध्ये उत्क्रांती होतच नाही असं मात्र समजू नका. मोठ्या युक्त्या जुन्या, पण बारीक फेरफार रोजचे, आणि त्यात देवाणघेवाण फार. हॅलोआर्कियांच्या दोन पेशी एकमेकींना चिकटून गुणसूत्रांचे मोठे तुकडे बदलतात. हॅलोफेरॅक्स या हॅलोआर्कियाच्या दोन वेगळ्या जातींमध्येसुद्धा हे प्रयोगशाळेत घडलेलं आहे. स्पेनच्या मिठागरांत सापडलेला सॅलिनिबॅक्टर रुबर पाहा. तो आहे जीवाणू, पण हॅलोआर्कियांसारखा लाल, तसाच पोटॅशियम भरलेला, तशाच आम्लधर्मी प्रथिनांचा. काही जनुकं त्याने शेजाऱ्यांकडून घेतली, बाकी सारखेपणा एकाच अडचणीतून आला. आणि विषाणूंना विसरू नका. खाणारे प्राणी कमी असलेल्या या पाण्यात पेशींचे मुख्य मारेकरी तेच. क्रिस्परची, म्हणजे विषाणूंपासून वाचायच्या सूक्ष्मजीवांच्या यंत्रणेची, गोष्ट आज औषधांपर्यंत गेली आहे, पण स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांना ते पुन्हा पुन्हा येणारे डीएनएचे तुकडे खटकले ते १९९३ मध्ये, अलिकांतेजवळच्या मिठागरातल्या हॅलोफेरॅक्समध्ये. ते तुकडे म्हणजे येऊन गेलेल्या विषाणूंच्या नोंदींची वही. लोणारच्या रहिवाशांची ही वही वाचली, तर स्थानिक उत्क्रांती मला वाटतं तिथेच सर्वांत स्पष्ट दिसेल.

आता तुमचा प्रकल्प. सरोवराचा 'संपूर्ण अभ्यास' करू नका. गोड्या पाण्याच्या धारेपासून काठापर्यंत एक सरळ रेषा धरा. थोड्याच अंतरात सामू जवळजवळ उदासीनपासून दहाकडे जातो. कमळजा देवीच्या देवळाजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीबद्दल तिथले लोक सांगतात की एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं. तुमचा प्रकल्प म्हणजे त्याच गोष्टीची मोजपट्टी. दर काही मीटरवर सामू, क्षारता आणि चिखलाचा नमुना घ्या आणि कोण कुठे बाद होतो ते पाहा. डीएनएसोबत आरएनए जमला तर उत्तम, कारण मेलेल्यांचा डीएनए गाळात बराच काळ टिकतो आणि यादी फुगवतो, आरएनए मात्र लवकर विरतो. गावाकडून येणारं सांडपाणी जिथे मिसळतं ती जागा वेगळी नोंदवा, नाहीतर तिथले जीवाणू सोड्याचे रहिवासी म्हणून प्रबंधात शिरतील.

जीव वाढवायच्या आगरच्या प्लेट ओतताना सोडियम कार्बोनेट वेगळं निर्जंतुक करून, आगर जरा निवल्यावर मिसळा. एकत्र ऑटोक्लेव्ह केलं तर ग्लुकोज तपकिरी होतो, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट खाली बसतात आणि आगरही धड घट्ट होत नाही. प्लेटा पिशवीत बांधून ठेवा. उघड्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सामू उतरतो, आणि दोन आठवड्यांनी तुम्ही भलत्याच सामूवर वाढलेले जीव मोजत बसता. धुवायला नेहमी त्याच क्षारतेचं द्रावण. का, ते वर सांगितलंच आहे.

लोणार अभयारण्य आहे, तेव्हा बाटलीभर चिखलालाही वनविभागाची लेखी परवानगी लागते. अर्ज पावसाळ्यातच टाका, म्हणजे एप्रिल-मेपर्यंत हातात कागद असेल. नाही मिळाली तर गोव्याची मिठागरं आहेत. गोवा विद्यापीठात त्यांच्यातल्या हॅलोआर्कियांवर बरंच काम झालेलं आहे, आणि मीठ काढायच्या आधी तिथल्या कोंड्यांतलं (वाफ्यांतलं) पाणी लालसर होतं, तेव्हा मिठागरवाले स्वतःच सांगतील की आता या.